पांढऱ्या दगडाजवळचा माणूस

कॅमेऱ्याच्या काचेवर, उजवीकडे खालच्या कोपऱ्यात, कोळ्याने एक धागा ताणलेला आहे. वारा असला की तो सैल हलतो, मोठे झोके घेतो. गाडी येणार असली की झोके घेत नाही, नुसता थरथरतो; इतका बारीक की धागा जाड झाल्यासारखा दिसतो. मग वळणामागून इंजिन बाहेर येतं. कॅमेऱ्याचा खांब रुळांना लागून आहे, त्यामुळे जमिनीतला हादरा त्याच्यापर्यंत आधी पोचतो आणि गाडी नंतर. हे मी आईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे कोळ्याला कळतं आणि आपल्याला नाही. छान."

आई म्हणजे माझ्या सासूबाई. गुडघे गेल्यापासून त्या खिडकीपाशी खुर्चीत बसतात आणि टॅब्लेट समोर उभा करून मालगाड्या बघतात. यार्डाबाहेरच्या वळणावर तो कॅमेरा कुणा हौशी मंडळींनी लावला आहे. चित्र कायम चालू असतं. आवाज येत नाही, आणि सगळं अर्ध्या मिनिटाने उशिरा दिसतं. बाजूच्या पट्टीत कुठले कुठले लोक इंजिनांचे नंबर लिहीत असतात. "यांना घरची कामं नाहीत का गं?" आई विचारतात, आणि पुढची गाडी जाईपर्यंत स्वतः जागच्या हलत नाहीत.

गाड्या हे निमित्त. त्या वळणावर रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीचा मुकादम माझा नवरा आहे.

सकाळी मी पाण्याचे नमुने तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. दुपारी घरी आले की आम्ही दोघी मिळून, संध्याकाळी तो कसा घरी येणार आहे, ते बघतो. हातातली पहार त्याने खडीवर आडवी ठेवली तर संध्याकाळ बरी जाते. फेकली तर जात नाही. हेल्मेट काढून मांडीवर आपटलं तर जेवताना काही बोलायचं नाही. कुणाच्या छातीवर बोट रोवून तो बराच वेळ उभा राहिला, तर समजायचं की त्या माणसाचं उरलेलं आमच्या वाट्याला येणार आहे. हे सगळं मी पुन्हा पुन्हा पडताळून पाहिलं आहे. क्वचितच चुकतं.

"पहार फेकली गं," आई सांगतात. "बशा वर ठेव."

मी बशा वरच्या फळीवर ठेवते, इस्त्री कपाटात, सुरी डब्यांच्या मागे. आई भिंतीला धरत उठतात आणि खिडकी लावून घेतात. गल्लीत आवाज जाऊ नये म्हणून. सासऱ्यांचा हात चालायचा तेव्हाही त्या अशीच खिडकी लावायच्या. ती कडी इतकी गुळगुळीत झाली आहे की बोट घसरतं.

मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. ते झालं त्या संध्याकाळी आईंनी माझ्या मानेवरचं रक्त पुसलं आणि हळूच म्हणाल्या, "पुढच्या वेळी मी त्याला बाहेर काढते. घर माझ्या नावावर आहे. तोंड उघडायचा अवकाश." पुढची वेळ आली. दाराच्या फटीत माझं बोट आलं आणि त्याने दार लोटलं. आईंनी बोटाला पट्टी बांधली. तोंड उघडलं नाही. त्याच्या नंतरच्या वेळी त्याने त्यांच्याच खुर्चीला लाथ मारली, त्यांच्यासकट. उठल्यावर त्या मला म्हणाल्या, "बोलणार होते गं. पण तो तुला फरफटत बरोबर नेईल." मीही म्हणूनच जात नव्हते. मी गेले असते तर त्या त्याच्या तावडीत एकट्या राहिल्या असत्या. दोघी एकमेकींना सांभाळत तिथेच बसून होतो.

टोळीतल्या माणसांना आम्ही नावं ठेवली होती. खरी नावं ठाऊक नव्हती. एक टोपीवाला. एक उंच्या. एक पोटल्या, तो घण मारायच्या आधी पोट सावरायचा. आणि आईंचा लाडका नाचऱ्या. काम थांबलं की रुळावर चढून दोन पावलं नाचायचा, कुणी बघत नाही असं समजून. "बघ बघ, सुरू झाला," आई म्हणायच्या. "याची बायको सुखी असणार."

आणि एक शिट्टीवाला. म्हातारा, किंचित वाकलेला. वळणापाशी चुन्याने रंगवलेला एक पांढरा दगड आहे, त्याच्याजवळ तो उभा राहतो. तिथून वळणापलीकडची गाडी दिसते; टोळी जिथे काम करते तिथून दिसत नाही. खडी ठोकायच्या यंत्रांच्या आवाजात ऐकूही येत नाही. म्हणून तो शिट्टी फुंकतो, झेंडी वर करतो, आणि सगळे बाजूला होतात. बाकी त्याने काही करायचं नसतं. सासरे याच लाइनवर होते, त्यामुळे आईंना तो नियम पाठ आहे. "शिट्टीवाल्याने अवजाराला हात लावायचा नाही. तहान लागली तर पाणीसुद्धा दुसऱ्याने आणून द्यायचं. जावईच जसा."

त्या दिवशी ऊन कडक होतं. दुपारी मी आले तेव्हा आई पुढे वाकून बसल्या होत्या.

"काम मागे पडलंय वाटतं. सकाळपासून तिसऱ्यांदा फेकली त्याने पहार."

पलीकडचा रूळ उचलून त्याखाली खडी भरणं चालू होतं. अलीकडचा, कॅमेऱ्याच्या बाजूचा, चालू होता. उंच्या आलेला नव्हता. माझा नवरा वेगाने टोळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होता. त्याने टोपीवाल्याच्या हातातलं यंत्र हिसकावलं, परत त्याच्या पोटात खुपसलं. पोटल्याला मागून ढकललं. मग थांबला आणि वळणाकडे पाहिलं.

"नाही हं," आई म्हणाल्या. "त्याच्याकडे जाऊ नकोस."

तो गेला. शिट्टीवाल्यासमोर उभा राहून काहीतरी बोलला. म्हाताऱ्याने मान हलवली, नाही म्हणून. माझ्या नवऱ्याने त्याच्या गळ्यातल्या शिट्टीची दोरी मुठीत धरली आणि खाली ओढली. म्हातारा गुडघ्यांवर आला. दोरी तुटली. तो उठायला लागला तेव्हा थोबाडीत बसली. आवाज नव्हता. आवाज नसला की मार किती हळू दिसतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्याचं हेल्मेट उतारावरून घरंगळत गेलं. माझ्या नवऱ्याने शिट्टी खिशात टाकली, म्हाताऱ्याला दंडाला धरून टोळीपाशी आणलं आणि त्याच्या हातात पहार दिली.

पांढऱ्या दगडाजवळ कुणी नव्हतं.

"अरे, दगडापाशी कुणीतरी उभं राहा," आई पडद्याला म्हणाल्या. "कुणीतरी."

नाचऱ्या चालू रुळाच्या कडेला आला होता. पाठ वळणाकडे करून, पहारीवर सगळं वजन टाकून पलीकडचा रूळ उचलायला मदत करत होता. मी धाग्याकडे पाहिलं. तो जाड दिसत होता.

"आई, गाडी येतेय."

"फोन लाव त्याला!"

मी फोन हातात घेतला. मग लक्षात आलं की आपण पाहतोय ते होऊन गेलेलं आहे. कुणाला काहीही सांगायची वेळ अर्ध्या मिनिटापूर्वी संपली होती. तरी मी लावला. घंटा वाजत राहिली.

इंजिन वळणामागून आलं. म्हाताऱ्याला सर्वांत आधी कळलं. त्याची मान झटक्याने वळली आणि हात सवयीने गळ्याकडे गेला. गळ्यात काही नव्हतं. त्याने तोंड उघडलं. नाचऱ्याने वळून पाहिलं नाही. इंजिनाची कड त्याच्या खांद्याला आणि डोक्याला लागली. तो उडाला नाही. जागच्या जागी गरकन फिरून खडीवर पडला, आणि त्याचा एक हात रुळाच्या आतच राहिला. मग चाकं आली.

 आईंनी माझं मनगट धरलं.

मालाच्या डब्यांच्या वाघिणी एकामागून एक जात होत्या. दोन वाघिणींच्या फटीतून पलीकडचं तुकड्या-तुकड्यांनी दिसत होतं. टोपीवाला धावताना. फट. पोटल्या डोकं धरून बसलेला. फट. माझा नवरा नुसता उभा. फट. तोच, आता म्हाताऱ्याजवळ वाकलेला. गाडी हळू होत गेली आणि थांबली. आमच्यासमोर जी वाघीण थांबली ती सपाट होती, वर काही नव्हतं. तिच्यावरून सगळं स्वच्छ दिसलं. म्हातारा खडीत बसला होता. माझ्या नवऱ्याने खिशातून शिट्टी काढली. तुटलेल्या दोरीला गाठ मारली. शांतपणे, दोन्ही हातांनी, ती म्हाताऱ्याच्या गळ्यात घातली. त्याला काखेत धरून उभं केलं, पांढऱ्या दगडापर्यंत चालवत नेलं आणि तिथे बसवलं. झेंडी उचलून त्याच्या मांडीवर ठेवली. मग नाचऱ्याकडे धावत गेला, हात उंच करून, जणू आत्ताच पोचतोय.

चित्र बंद झालं. बाजूच्या पट्टीत कुणीतरी लिहिलं, "गाडी का थांबली? नंबर लिहिता लिहिता बघायचं राहिलं." दुसऱ्याने इंजिनाचा नंबर लिहिला.

 मी बशा वर ठेवल्या. इस्त्री आत ठेवली.

उजेड असतानाच तो आला. बूट दारात काढले. त्यांच्या शिवणीत रक्त वाळलं होतं. हात धुतले आणि टॉवेल मानेवर टाकून म्हणाला, "पांढरा शर्ट इस्त्री करून ठेव. उद्या चौकशी आहे."

"काय झालं?" मी विचारलं.

"शिट्टीवाला झोपला. थेरडा दगडावर बसून पेंगत होता. तरणाताठा माणूस गेला त्याच्यापायी." त्याने खुर्ची ओढली. "पोलिसांनी नेलंय त्याला. स्वतःच रडत होता, माझं चुकलं म्हणून. वाढ."

मी वाढलं.  पळी पातेल्यात ठेवली.

"शिट्टी कुणाकडे होती?" मी म्हणाले.

त्याने घास खाली ठेवला. "काय म्हणालीस?"

"गाडी आली तेव्हा शिट्टी कुणाकडे होती?"

तो उठला तेव्हा खुर्ची मागे पडली. त्याने माझे केस मुळापाशी धरले आणि कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं. एकदा. मग चेहरा स्वतःकडे वळवून पाहिला, नीट लागलं की नाही ते बघावं तसा, आणि परत आपटलं. भुवईतून रक्त डोळ्यात आलं. "कोण बोललं तुझ्याशी? टोळीतला कुणी? त्याची जीभ हासडतो उद्या." त्याने माझा चांगला कान धरून पिरगळला. "याही कानाने ऐकायचं नाहीये का?"

"तिला कुणी सांगितलेलं नाही," आई म्हणाल्या. "आम्ही बघितलं."

त्यांनी टॅब्लेट त्याच्याकडे फिरवला. चित्र परत आलं होतं. रूळ, खडीवर टाकलेली वाळू, पांढरा दगड. धागा स्थिर.

तो वाकून बघत राहिला. बघता बघता त्याचा हात माझ्या कानावरून सुटला.

"हे काय आहे?"

"तुझं ऑफिस," आई म्हणाल्या. "रोज बघतो आम्ही. तू पहार कशी टाकतोस ते. दोरीला गाठ मारलीस तीसुद्धा."

त्याने टॅब्लेट उचलून भिंतीवर फेकला. मग टेबल ओलांडून त्याने आईंच्या तोंडावर मारलं. हाताच्या मागच्या बाजूने, जोरात, जसं दुपारी म्हाताऱ्याला. त्यांचा चष्मा फळीखाली गेला. ओठ फुटला. मी मध्ये पडले तर त्याने मला पोटात गुडघा मारून भिंतीशी बसवलं. मला श्वास घेता येईना.

"एक शब्द," तो म्हणाला. "दोघींपैकी एकीने एक शब्द बाहेर काढला, तर बघा."

मग नेहमीसारखाच स्वतःच्या खुर्चीकडे वळला. पडलेली खुर्ची सरळ केली, बसला आणि आईंकडे न बघता म्हणाला, "खिडकी लाव. लोक ऐकतायत."

आई उठल्या. भिंतीला धरत, एकेक पाऊल टाकत खिडकीपर्यंत गेल्या. खिडकी अर्धी उघडी होती. खाली गल्लीत दुकानासमोर माणसं उभी होती. नेहमीप्रमाणे त्यांनी वर पाहिलं आणि नेहमीप्रमाणे नजर खाली केली. समोरच्या बाईने आपली खिडकी लोटायला हात पुढे केला होता.

आईंनी त्या गुळगुळीत कडीला धरलं आणि खिडकी सताड उघडली. दोन्ही दारं बाहेरच्या भिंतीवर आदळली. समोरच्या बाईचा हात तसाच राहिला.

"आई," तो म्हणाला. "लाव म्हटलं ना!"

त्या मागे वळल्या नाहीत. ओठातलं रक्त त्यांनी पदराने टिपलं आणि गल्लीकडे तोंड करून, दुकानापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मुकादम, हे घर माझं आहे. आत्ताच्या आत्ता बाहेर हो. सून माझ्याजवळ राहील. आणि शिट्टीवाला झोपला नव्हता. त्याची शिट्टी तुझ्या खिशात होती. उद्या चौकशीत ते मी सांगणार आहे."