इस्त्रीचा हात

त्या घरात ताप कुणाला आहे आणि कुणाला नाही, याचा निकाल आजवर एकदाही सरळ लागला नव्हता.

कारण साधं होतं. नवरा-बायकोचं धुलाईचं दुकान. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. नवरा कपडे धुवायचा, बायको इस्त्री करायची. त्याचे हात दिवसभर गार पाण्यात, तिचे दिवसभर वाफेत. त्याने कुणाच्याही कपाळाला हात लावला की त्याला वाटायचं, अरे बापरे, हा तर भाजतोय. तिने लावला की तिला वाटायचं, काही नाही, नाटकं आहेत. शेजारचं मांजर त्याच्या मते बारा महिने आजारी होतं आणि तिच्या मते ठणठणीत. घरात दोन निकाल असले तरी चालतो एकच, आणि तो कुणाचा चालायचा हे वेगळं सांगायला नको.

मुलगी एकुलती एक. डोळे घारे म्हणून घरी-दारी सगळे तिला घारू म्हणत. शाळेचं शेवटचं वर्ष. आजवर तिने शाळा जवळजवळ बुडवलीच नव्हती आणि आईला त्याचा कोण अभिमान! "माझी पोर कधी आजारी म्हणून पडली नाही हो," असं ती गिऱ्हाइकांना शर्टाची घडी घालता घालता सांगायची. स्वतःही ती बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत इस्त्रीच्या टेबलाशी उभी होती. हेही सांगायची, न विचारता.

त्या सकाळी गणिताचा पेपर होता. घारू पलंगावर बसली होती आणि हातातल्या पायमोज्याकडे बघत होती. बराच वेळ बघत होती.

आईने पुढून हाक मारली. उत्तर आलं नाही तेव्हा इस्त्री उभी ठेवून आत आली, पोरीच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "काही नाही. अभ्यास करून डोकं शिणलंय. तोंड धू, बरं वाटेल." काल ती हेच म्हणाली होती. परवाही हेच.

तेवढ्यात बाबा मागच्या मोरीतून हात झटकत आले. "बघू जरा." हात लावला आणि तिथेच बसले. "अगं, पोर नुसती फणफणलीये!"

"तुम्हाला काल टोपलीतले बटाटेही तापलेले वाटत होते."

"बटाट्यांचं सोड. हिचे डोळे बघ."

डोळे लाल होते, ते आईलाही दिसत होतं. पण परीक्षेच्या दिवसांत कुणाचे नसतात?

घरात एके काळी थर्मामीटर होता. तो फुटला तेव्हा आईनेच म्हटलं होतं, नवा कशाला, माझा हात आहे की. आता बाबा उठले आणि मोरीतून आपला दुसरा थर्मामीटर घेऊन आले. हा टबातल्या पाण्याचा. लाकडी पट्टीवर जाड काचेची नळी, आकडे केव्हाच पुसून गेलेले, आणि बाबांनी लाल रंगाने स्वतः केलेल्या तीन खुणा. सगळ्यात खाली रेशीम, मग लोकर, वर सुती. कोणत्या कपड्याला पाणी किती गरम चालेल ते त्यावरून कळायचं. त्यांनी तो धुऊन पुसून घारूच्या काखेत दिला. काखेत पट्टी मावेना तेव्हा तिलाही जरा हसू आलं.

"लोकर!" बाबांनी पट्टी खिडकीपाशी नेऊन जाहीर केलं. "खुणेला टेकलाय बघ."

"आणि एरवी माणसाचा कुठे असतो?" आईने विचारलं.

हे कुणालाच माहीत नव्हतं. मग बाबांनी स्वतःच्या काखेत घालून पाहिला. "लोकरीच्या जरा खाली."

"जरा म्हणजे?"

"नखाएवढं असेल."

"नखाएवढ्यासाठी पोरीचं वर्ष घालवू?" आई म्हणाली आणि तरातरा पुढे निघून गेली.

वर्षाचं असं होतं की घारूला तंत्रनिकेतनात जायचं होतं, यंत्रं शिकायला. दुकानातलं वाफेचं यंत्र तीच दुरुस्त करायची. त्याची झडप अडकली की बाबा शिव्या द्यायचे, आई लाथ मारायची, आणि घारू पाना घेऊन शांतपणे खाली वाकायची. तंत्रनिकेतनवाले बघणार गणिताचे गुण. शाळेचा नियम असा की आजारी असाल तर घंटेच्या आत कळवा, डॉक्टरची चिठ्ठी आणा आणि नंतरच्या फेरपरीक्षेला बसा. पण त्या फेरपरीक्षेचा निकाल लागेपर्यंत तंत्रनिकेतनचे प्रवेश बंद. म्हणजे एक वर्ष घरी. आणि आज गेली, पेपर हातात घेतला, की मग जे होईल ते कायमचं. गचाळ गुण पडले तर तंत्रनिकेतनचं नावच काढायला नको. जावं तरी पंचाईत, न जावं तरी पंचाईत.

पुढे हॉटेलचे टेबलक्लॉथ पडले होते. आईने एक अंथरला, इस्त्री फिरवली, अर्ध्यात सोडून आत डोकावली. घारूने एक मोजा घातला होता. परत आली, दुसरा अंथरला, तो उलटा निघाला. पुन्हा आत. घारू आता दोन्ही मोजे घालून भिंतीला टेकली होती आणि ओठ हलवत सूत्रं पुटपुटत होती. आईला उगाचच राग आला. पोरीचा, नवऱ्याचा, त्या लाकडी पट्टीचा. नाकात जळका वास शिरला तेव्हा तिला कळलं की इस्त्री कापडावर आडवीच राहिलीये. टेबलक्लॉथवर बदामी रंगाचा डाग उमटला होता. इतक्या वर्षांत तिने कुणाचं काही जाळलं नव्हतं. तिने तो घाईघाईने घडी करून गठ्ठ्याच्या तळाशी सारला, जणू दुसऱ्याच कुणी जाळला होता.

आत बाबा विचारत होते, "बाळा, तुला काय वाटतं? जायचं की नाही?"

"तिला काय विचारता?" आई दारातूनच म्हणाली. "आजारी माणसाला कुणी असलं विचारतं का?"

"म्हणजे आजारी आहे ना?"

"माझे शब्द पकडत बसू नका. दवाखाना उघडायच्या आधी घंटा होते, हे माहितीये ना तुम्हाला? मग?"

"मी जाते," घारू म्हणाली. उठली, पलंगाचा कठडा धरून जरा थांबली, आणि दप्तर उचललं.

बाबा जोडे शोधायला लागले तसं आईने त्यांना अडवलं. "तुम्ही नको. तुम्ही अर्ध्या रस्त्यातून परत आणाल. मी पोचवते."

एरवी या वेळी ती इस्त्रीच्या टेबलामागे असायची. बाहेर एवढी थंडी असते हे ती विसरूनच गेली होती. बस आली नाही. थांब्यावर उभं राहणं दोघींनाही जमेना, म्हणून त्या चालायला लागल्या. दप्तर आईने घेतलं, पाण्याची बाटलीही घेतली. पाव भाजणाऱ्याचं दुकान, किल्ल्यांचं दुकान, बंद बँक. घारू कधी भरभर चालायची, कधी मध्येच थांबून खांबाला हात लावायची. आई बोलतच होती. पहिले सोपे प्रश्न सोडव, नाव नीट लिही, उलटी आली तर हात वर कर. शेवटचं वाक्य आपण का बोललो ते तिचं तिलाच कळलं नाही. ती गप्प झाली, आणि गप्प झाल्यावर तिला पोरीचे दात वाजताना ऐकू आले.

शाळेच्या फाटकापाशी मुलांची गर्दी होती. एक शिक्षक घड्याळ बघत सगळ्यांना आत ढकलत होते. घारूने दप्तरासाठी हात पुढे केला. तिचा गळपट्टा सुटला होता, तो आईने नीट गुंडाळला, आणि केस मागे सारताना तिचा हात पोरीच्या कपाळाला लागला.

तिने झटकन हात मागे घेतला. गरम इस्त्रीला चुकून बोट लागलं की घेतो, तसा. मग पुन्हा लावला. कपाळाला, गालाला, मानेला. पोर निखाऱ्यासारखी तापली होती. हात काय सांगतोय ते तिला समजत होतं आणि खरं वाटत नव्हतं. तिने स्वतःचा हात दुसऱ्या हाताने चाचपला. तो गार पडला होता. एवढा गार हात घेऊन ती या पोरीजवळ कधी गेलीच नव्हती.

"घारू, अगं, तुला ताप आहे."

"हो."

"हो काय? किती ताप आहे! तुला कळत नव्हतं?"

"कळत होतं की," घारू म्हणाली. "मला नेहमी कळतं. एरवी तुझा हात चटका बसेल इतका गरम लागतो. ज्या दिवशी लागत नाही, त्या दिवशी मला ताप असतो."

आई तिच्याकडे बघत राहिली. ती गिऱ्हाइकांना सांगायची ती सगळी शाळेची वर्षं तिच्या डोळ्यांपुढून गेली. स्वेटर घालून धाडलेली, डबा तसाच परत आणलेली, संध्याकाळी सहाला जेवणाआधीच झोपून गेलेली पोर. "मग बोलली का नाहीस कधी?"

"तू नाही म्हणायचीस ना. मग मला वाटायचं, एवढा ताप म्हणजे ताप नसतोच."

शिक्षकांनी हाक मारली. "चला, चला, आत येणारे आत या. घंटा होतेय."

परत घेऊन जावं तर वर्ष. आत धाडावं तर कसं धाडावं, आता हाताला कळलेलं असताना? तिच्या जिभेवर हुकूम आलाच होता, "चल घरी" म्हणून. पण तो हुकूमही कालच्या हुकमांच्याच घरचा होता, आणि त्यांच्यावरचा तिचा विश्वास आत्ताच उडाला होता. ती हुकूम गिळून म्हणाली, "तू सांग. तुला जायचंय का?"

घारू रडायला लागली. सकाळपासून जे धरून ठेवलं होतं, ते या एका प्रश्नाने सुटलं. "वर्ष जाईल गं."

"जाईल. ते मी परत आणून देऊ शकत नाही. तरी सांग."

"अक्षरं हलतात." ती हुंदके देत म्हणाली. "परवापासून. वाचते ते आत शिरतच नाही. मला पेपर यायला हवा होता आई, मला सगळं येत होतं."

"माहितीये मला," आई म्हणाली, आणि आपला गार तळवा पुन्हा पोरीच्या कपाळावर ठेवला. घारूने डोळे मिटले आणि डोक्याचा सगळा भार त्या हातावर टाकला.

मग आई तशीच, तिला धरून, शिक्षकांपुढे जाऊन उभी राहिली. "ही आजारी आहे. पेपरला बसणार नाही. लिहून घ्या." शिक्षकांनी विचारलं, केव्हापासून? आईने मान खाली घातली आणि म्हणाली, "बरेच दिवस. मी पाठवत होते." घंटा झाली तेव्हा त्या दोघी रस्त्याच्या पलीकडे दवाखाना उघडायची वाट बघत पायरीवर बसल्या होत्या. घारू घंटा संपेपर्यंत शाळेकडे बघत होती. आईने तिला तिकडे बघू नको असं म्हटलं नाही.

डॉक्टरांनी छाती तपासली, भुवया वर केल्या, औषधं लिहिली आणि म्हणाले, आणखी दोन दिवस असेच काढले असते तर इस्पितळात भरती करावं लागलं असतं. आईने हे घरी आल्यावर बाबांना जसंच्या तसं सांगितलं. एक शब्दही कमी केला नाही. एवढ्या वर्षांत बाबांना प्रथमच म्हणता आलं असतं, "बघ, मी म्हणत होतो." ते म्हणाले नाहीत. दुकानाची फळी अर्धी ओढून घेतली आणि टेबलक्लॉथचा गठ्ठा उचलायला गेले. तळातला डाग त्यांना दिसला. त्यांनी तो पुन्हा तळाशी सारला.

त्यानंतर घारू बरेच दिवस अंथरुणाला खिळून होती. वर्ष गेलं ते गेलंच. तंत्रनिकेतनचे प्रवेश सुरू झाले त्या दिवशी तिने भिंतीकडे तोंड केलं आणि दिवसभर वळली नाही. आईने समजूत घातली नाही. समजूत घालण्यासारखं काही नव्हतं. ती नुसती पायाशी बसून राहिली, आणि पुढे गिऱ्हाईक दोनदा हाका मारून निघून गेलं.

नवा थर्मामीटर आला होता, खराखुरा, आकड्यांचा. पण आईचं त्यावर भागत नसे. ती इस्त्री ठेवायची, पुढून मागे मोरीत जायची, बाबांच्या टबात कोपरापर्यंत हात बुडवून उभी राहायची आणि मग ओल्या हातांनी घारूजवळ यायची.

"अगं, टबातून काढलेल्या हाताला सगळेच तापलेले लागतात," बाबा म्हणायचे. "माझा जन्म गेला त्यात."

"लागू देत."

एका दुपारी घारू उठून बसली होती. तिने वाफेच्या यंत्राची झडप मांडीवर घेऊन सुटी केली होती आणि भूक लागली म्हणून खायला मागितलं होतं. आई आली, पाणी निथळतच होतं, हात कपाळावर टेकवला.

"आहे अजून. आडवी हो."

"आई, उतरलाय. मी मघाशीच थर्मामीटर लावून बघितला."

"मला लागतोय ना," आई म्हणाली. "आडवी हो."

घारूने झडप बाजूला ठेवली आणि मुकाट्याने आडवी झाली.