शिशाचा आचारी

क्लबात त्याला सगळे कवळीवाला म्हणत, आणि त्याला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. दिवसभर तो एका दंतवैद्याच्या मागच्या खोलीत कवळ्या बनवायचा. संध्याकाळी घरी आला की तसलीच बारीक ड्रिलं, कानशी आणि चिमटे घेऊन धातूचे सैनिक दुरुस्त करायला बसायचा. करंगळीच्या दोन पेरांएवढे सैनिक. दर रविवारी शाळेच्या एका रिकाम्या हॉलमध्ये आठ-दहा पिकल्या केसांची माणसं टेबलांवर कापडाचे डोंगर आणि नद्या पसरायची आणि फासे, फूटपट्टी घेऊन या सैनिकांच्या लढाया लढायची. कोणाचा भाला मोडला, कोणाच्या घोड्याचा पाय निखळला, की तो सैनिक काडेपेटीत कापसावर झोपून कवळीवाल्याकडे यायचा. तो तुटक्या जागी केसाएवढं भोक पाडायचा, पितळेची तार बसवायचा, वरून पुट्टी भरायचा आणि वाळली की घासून सारखी करायचा. जोड कुठे आहे ते नंतर त्याचं त्यालाही सापडायचं नाही.

क्लबात सगळ्यांत थोरले प्रूफकाका. छापखान्यात चाळीस वर्षं प्रुफं तपासलेला माणूस. चुकलेली वेलांटी त्यांना रस्त्यापलीकडच्या पाटीवरूनही बोचायची. पण दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नजरेच्या ऐन मधोमध काळा डाग आला आणि तो वाढतच गेला. आता कडेकडेचं तेवढं अंधुक दिसायचं. त्यात एक दिवस मुलगी कपाट पुसत असताना फळी निसटली आणि काकांची सगळी फौज, दीडशेवर सैनिक, फरशीवर कोसळली.

मुलगीच बुटांच्या तीन खोक्यांत ती फौज भरून कवळीवाल्याकडे घेऊन आली. मागोमाग काका, तिच्या दंडाला धरून.

"मोडलंय ते जोडशीलच," काका म्हणाले, "पण अजून एक कर. मला आता रंगावरून पलटणी ओळखू येत नाहीत. परवा मी माझ्याच माणसांवर हल्ला चढवला. बोटांना कळेल असं काहीतरी करता येईल का रे?"

कवळीवाल्याला असं काम कोणी कधी सांगितलं नव्हतं. तीन आठवडे तो त्यात बुडून गेला. एका पलटणीचे भाले त्याने सरळ उभे ठेवले, दुसऱ्या पलटणीचे मनगटापाशी कापून तिरपे बसवले. घोडेस्वारांच्या पायाखालच्या चकतीला खाच पाडली. अधिकाऱ्यांच्या चकतीवर पुट्टीचा मोहरीएवढा थेंब बसवला. प्रत्येक सैनिक तयार झाला की तो स्वतः डोळे मिटून चाचपून पाही. बायको म्हणायची, "अहो, किती जीव लावाल? जेवायला या." आणि खरंच, इतकं चांगलं काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं.

आचारी तिसऱ्या खोक्यात होता.

फौजेचा आचारी. पोट सुटलेला, एका हातात झाकण, दुसऱ्या हाताने खांद्यावर टाकलेली लांब पळी. खेळात त्याचा काडीचा उपयोग नव्हता. तरी काका दर वेळी त्याला फौजेच्या पिछाडीला उभा करत आणि म्हणत, "उपाशीपोटी लढतील का माझी पोरं?" ज्या कारागिराने तो घडवला त्याने तसे जेमतेम तीस ओतले, मग साचा तडकला आणि पुन्हा कधी तो निघाला नाही. कवळीवाला वीस वर्षं दर रविवारी त्या आचाऱ्याकडे बघत आला होता. दोनदा त्याने मागूनही पाहिला होता. काका दोन्ही वेळा नुसते हसले होते.

आता त्याची पळी मोडलेली होती आणि तो कवळीवाल्याच्या तळहातावर होता.

त्याने पळी जोडली. मग आचाऱ्याचा साचा घेतला. मनाशी म्हणाला, पुन्हा पडला-मोडला तर असावा. साचे घेणं तर त्याचं रोजचं काम. मग त्यात धातू ओतला, कडा घासल्या, जुन्यासारखाच रंग दिला, पोटावरचा उडालेला टवकासुद्धा तसाच केला. दोन आचारी शेजारी शेजारी उभे राहिले तेव्हा तो स्वतःवर खूश झाला. आणि त्या खुशीतच त्याच्या मनात आलं, काकांना कुठे दिसतंय?

एवढंच. दुसरा काही विचार त्याने केला नाही. खरा आचारी त्याने रुमालात गुंडाळून खणात ठेवला आणि नवा खोक्यात.

फौज पोचवायला तो सकाळीच गेला. काकांनी जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून घेतली होती. एकेक सैनिक हातात घेऊन ते बोटं फिरवत आणि मोठ्याने ओळखत. "हा सरळ भाला, पहिली पलटण. हा तिरपा. अरे वा, खाच! म्हणजे घोडेस्वार." त्यांचा चेहरा असा उजळला होता की मुलगी स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

मग त्यांच्या हाताला आचारी लागला.

त्यांनी तो तळहातावर झेलल्यासारखा केला. पुन्हा केला. मग त्याची चकती टेबलाच्या लाकडी कडेवर आपटली. बारीक, स्वच्छ आवाज आला. त्यांनी दुसरा एक सैनिक उचलून तसाच आपटला. तो बद्द वाजला.

"हा माझा नाही," काका म्हणाले.

जुने सैनिक शिशाचे, जड. ओतायला हल्ली मिळतात त्या धातूच्या कांड्यांत कथील जास्त, म्हणून हलक्या आणि खणखणीत. हे कवळीवाल्याला माहीत होतं. रोज धातू हाताळणारा माणूस होता तो.

"बाबा, काहीतरीच काय!" मुलगी म्हणाली. "तोच आहे. पोटावरचा टवका मला इथून दिसतोय."

"पळी नवी बसवलीय ना, काका," कवळीवाला म्हणाला. आपला आवाज इतका सरळ कसा आला याचं त्यालाच नवल वाटलं. "आत तार आहे. वजनात फरक पडतो."

काकांनी नजर त्याच्या कानाच्या बाजूला वळवली, कारण तसं केलं तरच त्यांना समोरचा थोडा दिसे. मग आचारी त्यांनी खोक्यात ठेवला आणि म्हणाले, "असेल."

मुलगी त्याला फाटकापर्यंत सोडायला आली. "दादा, मनावर घेऊ नका. तुम्ही इतकं केलंत त्यांच्यासाठी, आणि हे असं बोलतात. हल्ली त्यांचं काही कळत नाही हो. मागे घराच्या किल्ल्यांवरूनही असंच झालं." तिने हात जोडले. "मी त्यांच्या वतीने माफी मागते."

त्याने मान हलवली. घरापर्यंत तो चालत गेला. वाटेत दोन ओळखीची माणसं भेटली, त्यांच्याकडे त्याला बघवलं नाही.

त्यानंतर त्याने तो खण उघडला नाही. आठ दिवसांनी मुलीचा फोन आला. बाबा सैनिकांना हात लावत नाहीत, ती म्हणाली. गप्प गप्प असतात. काल स्वतःच म्हणाले, माझं डोकं कामातून चाललंय बहुतेक, दाखव कुणाला तरी. स्मृतीच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. "डॉक्टर म्हणतात, बाहेरच्या माणसाने पाहिलेला एखादा प्रसंग लिहून आणा. घरच्यांचं जरा इकडेतिकडे होतं. तुम्ही द्याल का, दादा? चारच ओळी. त्या दिवशी काय झालं ते."

तो "देतो" म्हणाला. मग कागद घेऊन बसला. 'यांनी स्वतःची वस्तू ओळखली नाही' एवढं वाक्य त्याने लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

बायको पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होती. "कसलं पत्र?"

त्याने सांगितलं. सांगायचं नव्हतं ते सगळं सांगितलं.

ती घडी घालता घालता थांबली. "साचा मी पाहिला होता," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही त्यांना विचारून केला असेल." आणि ती उठून आत गेली. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी कामावर न जाता तो काकांकडे गेला. दार मुलीने उघडलं. "लिहून आणलंत?" तिने विचारलं. तो तसाच आत गेला, रुमाल सोडला आणि आचारी काकांच्या हातात दिला.

काकांनी तो तळहातावर झेलून पाहिला. टेबलावर आपटला. बद्द आवाज.

"हा माझा," ते म्हणाले.

"हो. तो मी बनवलेला होता. हा मी ठेवून घेतला होता. तुम्हाला दिसत नाही म्हणून."

शेवटचं वाक्य बोलायची गरज नव्हती. पण तेवढंच खरं होतं, आणि ते बोलल्याशिवाय त्याला तिथून हलता आलं नसतं.

आणि काका हसायला लागले. "अगं, ऐकलंस? माझं डोकं ठिकाणावर आहे! ठिकाणावर आहे माझं डोकं!" ते खुर्चीतून अर्धे उठले, मुलीचा हात शोधायला लागले. लहान मुलासारखी त्यांची ती खुशी पाहताना कवळीवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या खायची तयारी करून तो आला होता. याची तयारी त्याने केली नव्हती.

मुलगी हसली नाही. "आठ दिवस," ती म्हणाली. "आठ दिवस ते स्वतःला वेडं समजत होते. आणि मी... मी त्यांना गोळ्या मोजून द्यायला लागले होते. गॅसचं बटण काढून ठेवलं होतं. मी तुमच्यापुढे हात जोडले होते, दादा."

त्याला तिच्याकडे मान वर करून बघता आलं नाही.

काकांचं हसू ओसरलं. "काढून बघत होतास का रे त्याला?" त्यांनी विचारलं.

"नाही. एकदाही नाही."

"मग कशाला घेतलास?"

उत्तरासाठी काका थांबले नाहीत. "क्लबात मी काही सांगणार नाही," ते म्हणाले. "तुझं तू बघ." मुलीने नवा आचारी आणून त्याच्या हातावर ठेवला आणि दार लावून घेतलं.

रविवारी त्याने हॉलमध्ये सगळ्यांना सांगितलं. डाव सुरू व्हायच्या आधी, उभं राहून, दोन मिनिटांत. कोणीतरी फासे खुळखुळवायला लागला आणि लगेच थांबला. तोफखानावाला, त्याचा वीस वर्षांपासूनचा मित्र, डाव संपल्यावर जवळ आला. "माझे ते सहा घोडे आहेत ना तुझ्याकडे. झाले नसतील तरी चालतील. परत दे," तो खाली बघत म्हणाला. त्यानंतर महिनाभरात कवळीवाल्याच्या टेबलावरचं एकेक खोकं परत गेलं. तो रविवारी जायचा थांबला.

अडीच महिन्यांनी काकांचा फोन आला. "चार भाले वाकलेत. सामान घेऊन ये. इथे बसून करायचं."

तो गेला. मुलीने दार उघडलं आणि ती बाजूला झाली. जेवणाच्या टेबलावर त्याने कागद अंथरला, ड्रिल, तार, पुट्टी मांडली. काका समोर बसले, दोन्ही हात टेबलावर ठेवून. मुलगी भिंतीला टेकून उभी राहिली आणि शेवटपर्यंत उभीच होती. पहिल्याच भाल्याला ड्रिलचं टोक मोडलं.

"घाई नाही," काका म्हणाले.

त्याने दुसरं टोक लावलं. एकेक भाला झाला की तो काकांच्या हातात द्यायचा, ते बोटं फिरवायचे, टेबलावर आपटायचे, कान देऊन ऐकायचे आणि मग बाजूला ठेवायचे. पूर्वी ते आपटत नसत. चारही वेळा त्यांनी आपटून पाहिलं, आणि चारही वेळा कवळीवाला हात मांडीवर ठेवून वाट बघत राहिला.

"पुढच्या बुधवारी ये," काका म्हणाले. "घोडे राहिलेत."