कबुतरफुलाचा दिवस

शिंप्याच्या लेकीने दोन वर्षं एकच मूर्खपणा केला. गॅलरीतल्या ऑर्किडला फुलं आली की एका फुलाचे पराग काडीने उचलून शेजारच्या फुलाला लावायची आणि शेंगेची वाट बघत बसायची. शेंग कुठली धरायला! दुसऱ्या दिवशी सगळी फुलं माना टाकून मोकळी.

त्या फुलांची तऱ्हाच न्यारी. पंख पसरलेल्या कबुतरासारखी पांढरीशुभ्र, म्हणून सगळे त्यांना कबुतरफुलंच म्हणत. एखादी थंड सर येऊन गेली की आठ-दहा दिवसांनी गावातली अशी दोन्ही झाडं एकाच सकाळी फुलणार आणि संध्याकाळी मिटणार. लहानपणी त्या सकाळी तिला वासानेच जाग यायची. बाबा त्या दिवशी शिलाई मशीनला हात लावत नसत. इस्त्रीचा सदरा घालून, खिशात काड्यापेटी टाकून कुठेतरी जात आणि दुपारी गुणगुणत परतत. बिडीला कधी न शिवलेल्या माणसाला काड्यापेटी कशाला, हे तिने कधी विचारलं नव्हतं. आता विचारायला बाबा नव्हते.

त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती आणि गेली दोन वर्षं झाडही मुळापासून कुजत चाललं होतं. रोपवाटिकेवाला म्हणाला, "हे काही वाचत नाही, ताई. एक हिरवी शेंग आणा, तिच्या बियांपासून रोपं करून देतो." बाबांनी वाढवलेलं तेवढंच घरात उरलं होतं. आता तेही जायला निघालं होतं.

यंदाच्या फुलांच्या सकाळी तिने पुन्हा काडी उचलली, तशी आई वैतागली.

"अगं, स्वतःचे पराग चालत नाहीत त्याला. दुसऱ्या झाडाचे लागतात. म्हणून तर बाबा घड्याळजीकडे जायचे."

"घड्याळजीकडे? त्यांच्याशी तर अबोला होता!"

"होताच. न बोलता जायचे, न बोलता यायचे."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी? मला वाटलं, फुलांशी खेळत बसतेस."

भांडण पँटवरून झालं होतं. पूर्वी दोन्ही घरं समोरासमोर, दोन्हीकडे एकेक कबुतरफुलाचं झाड, त्यामुळे परागांची ने-आण मधमाश्याच करत. मग शिंप्याने शिवलेल्या पँटचा एक पाय आखूड निघाला. घड्याळजीने गल्ली डोक्यावर घेतली. शिंपी म्हणाला, "पँट बरोबर आहे. पायच लहान-मोठे आहेत तुझे." झालं, बोलणं बंद! पुढे घड्याळजी आपलं झाड घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला आणि मधमाश्यांचं काम बाबांच्या अंगावर पडलं.

ती तडक निघाली. घड्याळजीचं दार सताड उघडं होतं. डोळ्याला भिंग लावून तो टेबलाशी बसला होता, खिडकीत कबुतरफुलं डोलत होती.

"काका, मी शिंप्याची..."

"ओळखलं. नाक त्याचंच आहे." त्याने मान वर केली. "स्वतः नाही आला? तीन वर्षं फुलांच्या दिवशी दार उघडं टाकून बसतोय. एवढा राग बरा नव्हे, सांग त्याला. आणि हेही सांग, डॉक्टरनं पाय मोजले. डावा आखूड आहे. पँट बरोबर होती. ऐकून नाचेल बघ!"

ज्याच्याशी बोलणंच नाही, त्याला बाबा गेल्याचं कळवणार कोण? कोणीच कळवलं नव्हतं. तिचे भरलेले डोळे बघून त्याचं त्यालाच समजलं. भिंग गळून मांडीवर पडलं.

"मला वाटलं, रुसलाय," तो म्हणाला. भिंग उचलून टेबलावर ठेवत त्याने विचारलं, "पराग आणलेस?"

"नाही... न्यायला आले."

"तुझा बाप कधी रिकाम्या हातानं आला नाही. आधी माझ्या फुलाला द्यायचा, मग न्यायचा. चल, संध्याकाळी मिटतील. मीच येतो."

त्याने फुलांची एक काडी खुडली, घड्याळाचा बारीक चिमटा खिशात टाकला आणि लंगडत तिच्याबरोबर निघाला. इतक्या वर्षांनी त्याला दारात बघून आईने खुर्ची पुढे केली. चिमट्याने त्याने परागांची इवलीशी पिवळी गोळी उचलली आणि बाबांच्या झाडावरच्या फुलात अलगद ठेवली. मग तो झाडाकडे वाकला.

"पँट बरोबर होती रे, शिंप्या."

जाताना त्याने त्या झाडाचे पराग, बाबा न्यायचे तसेच, काड्यापेटीत घालून नेले. दुसऱ्या दिवशी बाकीची फुलं गळली, ते एक तेवढं राहिलं. पुढे त्याचा देठ हिरवागार फुगला, शेंग धरली. लेकीने ती बातमी सगळ्यांत आधी घड्याळजीला कळवली.