तिसऱ्या तारेवरचे दिवे

थोरल्या लेकीला मुलगी झाली त्या साली खालच्या आळीतलं शेवटचं बिऱ्हाड उठलं आणि माझा धाकटा भाऊ तिथे एकटा उरला. बायको आधीच वारली होती, लेकरू नव्हतं. गावाचं जनरेटर तो सांभाळायचा. सरकारी वीज आमच्यापर्यंत पोचलीच नव्हती. शेडमधून तीन फेजच्या तीन तारा निघायच्या, वरच्या, मधल्या आणि खालच्या आळीला एकेक.

माणसं शहराकडे गेली तशी खालची तार हलकी पडली. हलक्या तारेवर विजेचा दाब चढतो, दिवे फटाफट उडतात. ते बघून कडेच्या घरांनी आपल्या जोडण्या वरच्या तारेवर घेतल्या. खालची आणखी हलकी, दिवे आणखी उडायला लागले. गिरणीची मोटर वरच्याच तारेवर. जनरेटरचं मशीन तापायचं, थरथरायचं.

भाऊ म्हणायचा, "अक्का, सगळी पोती गाडीच्या एकाच कडेला भरलीत. कणा मोडला की कुणाचं पोतं ते कुणी विचारणार नाही."

कुणी ऐकेना. शहरात गेलेल्यांनी घरांच्या किल्ल्या त्याच्याकडेच ठेवल्या होत्या. दिवेलागणीला तो एकेक कुलूप काढायचा, मोठे दिवे बसवून बटणं दाबून ठेवायचा आणि मग मशीन चालू करायचा. ओसाड आळी लग्नघरासारखी उजळायची. खालच्या तारेवर तेवढं ओझं पडलं की मशीन जरा शांत चालायचं.

गिरणीवाल्याला ते खुपलं. मी दळण घेऊन गेले तर म्हणतो, "अक्का, तुमचा भाऊ भुतांना उजेड दाखवतोय. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं! डिझेल गावाचं आहे."

"तुझी मोटर खालच्या तारेवर घे. मग कशाला लावेल तो दिवे?"

"आणि जळाली म्हणजे? तुम्ही हातानं दळून देणार?"

"देईन. निदान अर्धं पीठ तुझ्या मिशांवर तरी जाणार नाही."

बायका हसल्या. तेच त्याला झोंबलं. त्यानं चार जाणत्यांचे कान भरले आणि भावाकडून किल्ल्यांचा जुडगा काढून घेतला.

त्या संध्याकाळी खालची आळी काळी पडली. गिरणी सुरू झाली तसं मशीन घरघरायला लागलं. वरच्या आळीत दिवे मिणमिणले, शेडमधून जळका वास आला. भावानं मशीन बंद केलं.

गिरणीवाला पिठानं पांढरा होऊन धावत आला. "अरे, पोतं अर्धं दळायचं राहिलंय!"

"राहू दे. आणखी थोडं चाललं असतं तर गावच अंधारात राहिलं असतं."

"मग करू काय?"

"मोटर खाली घे. ती जळणार नाही, बाबा. तिथं ओझं नाही म्हणून दिवे उडतात. तुझी मोटर हेच ओझं."

गिरणीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बघतोस काय? वायर आण."

जोडणी बदलली. मशीन सुरू झालं ते लोण्यातून सुरी फिरावी तसं. गिरणीवाला पुढे महिनाभर सांगत फिरला की युक्ती त्याचीच. किल्ल्या परत मिळाल्या. पण आता त्यांचं काम उरलं नव्हतं.

एका संध्याकाळी मी खाली गेले. सगळी आळी अंधारात, एकाच खिडकीत उजेड. भाऊ मांडीवर किल्ल्यांचा जुडगा घेऊन पायरीवर बसला होता, मशीनकडे कान देऊन.

"बघ अक्का, किती गप्प चाललंय."

"मग तू असा का बसलायस?"

"संध्याकाळी हाताला काम राहिलं नाही. दार उघडलं की ज्याच्या त्याच्या घराचा वास यायचा. सुताराकडे अजून भुशाचा येतो."

"माझ्याकडे राहायला चल."

"मशीनपाशी कुणीतरी हवं."

"मग लाव की एखाद्या घरात दिवा. कोण बघतंय?"

तो हसला. "डिझेल गावाचं आहे, अक्का."

मी बराच वेळ त्याच्याजवळ बसले. त्यानं जुडगा मांडीवरून काही खाली ठेवला नाही.

नातीचं नाव शाळेत घातलं त्या साली, थंडी संपता संपता, माझा धाकटा भाऊ वारला.