हत्तू मंदी

“एवढी मंदी कुणी बोलिवली?” ब्रेकच्या चाकावरचा हात न काढता सिद्रामने विचारलं.

घाटातल्या रुळांवरून डबा शेवटचं वळण घेऊन वर आला होता आणि ऐनकोंडचा थांबा समोर दिसत होता. थांबा म्हणजे एक पत्र्याची शेड आणि तिच्यापुढे दगडी कट्टा. एरवी तिथे दोन-तीन बायका आणि दुधाचा एखादा कॅन असायचा. आज कट्टा दिसतच नव्हता. ठेवणीतल्या इरकली साड्या, परीटघडीच्या टोप्या, पोरांच्या अंगावर जत्रेतले कपडे, आणि एका टोकाला जाळावर हलगी शेकत बसलेला हलगीवाला. अख्खं गाव लोटलं होतं.

“मीच बोलिवली,” दारात उभी असलेली मंगल म्हणाली. “मॅडमनीच सांगितलं की.”

मॅडम तिच्या मागेच उभ्या होत्या. मंजुश्री, बेळगावच्या ऑफिसातल्या तरुण इंजिनिअर. आज दिवस मावळला की ही लाईन कायमची बंद होणार होती, त्यासाठी त्या सकाळीच आल्या होत्या. त्यांनी गर्दीकडे पाहिलं, मग मंगलकडे पाहिलं.

“मी काय सांगितलं, मंगलक्का?”

“परवा फोनवर न्हाय का? ‘कडे ट्रिपिगे हत्तु मंदि.’ शेवटच्या फेरीला चढा मंदी. मी तसंच सांगितलं सगळ्यास्नी. देवळाच्या कर्ण्यावरनं सुदीक.”

मंजुश्रीने कपाळाला हात लावला. “अहो, हत्तु म्हणजे दहा. टेन. शेवटच्या फेरीला दहा माणसं, असं म्हणाले मी.”

सिद्राम इतका हसला की डबा थांब्याच्या चार हात पुढे जाऊन थांबला.

कानडीत ‘मंदी’ म्हणजे माणसं; ‘हत्तु’ म्हणजे दहा आणि ‘हत्तु’ म्हणजेच ‘वर चढ’. मंगलला दोन्ही अर्थ ठाऊक होते. पण अख्ख्या नोकरीत तिने खालच्या थांब्यावर एकच आरोळी दिली होती, “हत्तू मंदी, हत्तू.” खरं तर एकाहून जास्त माणसांना ‘हत्री’, म्हणजे ‘चढा’, म्हणायला हवं. कानडी प्रवाशांनी तिला ते नाना प्रकारे समजावून सांगितलं होतं. “चढलासा न्हवं? मग कळलं की,” असं म्हणून ती घंटीची दोरी ओढायची. पुढे ते प्रवासीही तसंच म्हणायला लागले. शाळेची पोरं तिची नक्कल करायची. त्यामुळे फोनवर मॅडमच्या तोंडून ते शब्द ऐकले तेव्हा मंगलला वाटलं, ऑफिसने जाता जाता आपलीच आरोळी आपल्याला मानाने परत दिली. तो सगळा दिवस ती हवेत होती.

“दहाच का वो मॅडम?” सिद्रामने आता सरळ होत विचारलं.

“डब्याच्या तळच्या फळ्या बघितल्यात का? आणि उतारावर ब्रेकची खात्री मी दहा माणसांपुरतीच देऊ शकते. त्यापुढे नाही. हे मी कमी-जास्त करणार नाही.”

बाई खरं बोलत होती, आणि मंगलला ते पटत होतं. तेच वाईट होतं. ती खाली उतरली. हलगी थांबली. एवढ्या लोकांनी आज शेतातलं काम सोडलं, लेकी-जावयांना बोलावून घेतलं, ते तिच्या शब्दावर. उद्यापासून तिला या डोंगरात तोंड दाखवायचं कारणच उरणार नव्हतं. मुलगा बेळगावजवळ मच्छे गावातल्या कारखान्यात होता, त्याने पिरनवाडीत दोन खोल्या घेतल्या होत्या, तिथे ती जाणार होती. आणि इथे मागे राहणार होतं ते एवढंच की, मंगलने शेवटच्या दिवशी गावाला नटवलं आणि उन्हात उभं केलं.

त्यातही कट्ट्याच्या टोकाला, हिरव्या साडीत, पायात वहाणा घालून बाळाबाई बसली होती.

ही लाईन जुन्या काळी एका गिरणीवाल्याने बांधली. पलीकडच्या धबधब्यावर वीजघर, तिथून आलेली तार, आणि तारेखालून घाट चढणारा हा एकुलता एक डबा. गिरणी गेली, डबा माणसांसाठी राहिला. डब्याच्या टपावर एक लांब दांडी, दांडीच्या टोकाला चाक, आणि ते चाक तारेवरून फिरे. प्रत्येक टोकाला दोरीने ती दांडी उलटी फिरवायची, तारेवर बसवायची, आणि मग निघायचं. दांडी फिरवणं, तिकिटं फाडणं आणि आरोळी देणं ही मंगलची कामं.

तार नेताना कंपनीने एक खांब बाळाबाईच्या सासऱ्याच्या खळ्यात मधोमध रोवला. म्हातारा भडकला. या गाडीत आमच्या घरातलं माणूस पाय ठेवणार नाही, असं त्याने सगळ्यांदेखत सांगितलं. नुकसानीपोटी त्याने भांडून एक दिवा तेवढा पदरात पाडून घेतला, त्याच खांबावरचा. पुढे मळणीला बैल बांधायला मधला खुंट, तिवडा, वेगळा लागेना; तो खांबच कामी आला. राग कधीच वाळून गेला. उरला तो हट्ट, आणि तो बाळाबाईने घरच्या भांड्यासारखा घासूनपुसून ठेवला होता.

बाजाराला ती पायवाटेने उतरायची आणि पायवाटेनेच चढायची. पायवाट रुळांच्या कडेनेच जाते. वळणावर डबा मंद व्हायचा आणि दोघींचं बोलणं व्हायचं.

“बस की गं आक्का. गुडघं दुखत्यात न्हवं?”

“बसंन, बसंन. तुजी गाडी बंद पडंल तवा बसंन.”

“तवा कशी चालंल गं?”

“ते तू बघ.”

इतकी वर्षं हे एकच बोलणं, आणि दोघींना ते कधी शिळं वाटलं नाही. आता गाडी खरंच बंद पडत होती, आणि बाळाबाई शब्दाला जागून येऊन बसली होती.

“काय गं मंगल,” तिने कट्ट्यावरूनच विचारलं, “दहाच म्हणं?”

“दहाच, आक्का.”

“आन् ही बाकीची मंदी काय तुज्या नावानं टाळ्या वाजवायला आली?”

कुणीतरी हसलं. मंगल मॅडमकडे वळली.

“मॅडम, शेवटच्या फेरीला दहा. व्हय न्हवं?”

“हो.”

“मग शेवटच्या आदल्या फेरीला?”

उत्तराची वाट न बघता मंगलने पुढचं विचारलं.

“वीजघर कवा बंद करायचं?”

“मावळतीला.”

“म्हंजे मावळतीची ती शेवटची. त्याच्या आदी जी जाईल ती शेवटच्या आदली. तिच्यात दहा बसवतो. ती आली की तिच्या मागनं जाईल ती शेवटच्या आदली. तिच्यात दहा.”

मंजुश्रीने डब्याकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं, मनाशी काहीतरी हिशेब केला. तिच्या ओठांचा एक कोपरा हलला. “दहाच्या वर एक पोरगंसुद्धा नाही. आणि मी प्रत्येक फेरीला ब्रेक तपासणार.”

“तपासा की. तुमचाच हाय.”

“हत्तु मंदि,” मंजुश्री म्हणाली, आणि या खेपेला तिने दोन्ही अर्थांनी म्हटलं.

मग तो दिवस सुरू झाला. दहा खाली, दहा वर. आधी म्हातारी माणसं, मग पोटुशी बायका, मग नव्याच लग्नाच्या जोड्या, ज्यांना म्हाताऱ्यांनी मुद्दाम पुढे काढलं. हलगीवाल्याने प्रत्येक फेरीला हलगी वाजवली आणि दर फेरीला विचारलं, “ही शेवटची का आदली?” आणि सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, “आदली.” खालच्या थांब्यावर मष्णूचं चहाचं दुकान होतं. त्याने दुपारपर्यंत पैसे घेतले, दुपारनंतर घेणं सोडलं. संकेश्वरहून आलेला एक जावई मोबाईलवर शूटिंग करत डब्यातून एवढा वाकला की मंगलने त्याची कॉलर धरून आत ओढला. “सासऱ्याची एकुलती लेक हाय ती, तिचं कपाळ आजच रिकामं करतोस व्हय?” सगळा डबा हसला, जावईही हसला.

दांडी फिरवताना चाक तारेला टेकलं की एक निळी ठिणगी उडायची. मंगलने ती हजारदा पाहिली असेल, पण आज लेकरं ती बघायला गोळा व्हायची आणि टाळ्या वाजवायची, म्हणून तीही प्रत्येक खेपेला नव्याने बघत होती. हाताला घट्टे होते. खांदे भरून आले होते. असा दिवस तिच्या अख्ख्या नोकरीत आला नव्हता.

बाळाबाई मात्र कट्ट्यावरून उठली नाही. प्रत्येक फेरीला मंगल विचारायची, “येतीस न्हवं, आक्का?”

“ही शेवटची हाय?”

“आदली हाय.”

“मग कशाला बोलिवतीस? बंद पडंल तवा बसंन म्हणालतो मी. शब्द म्हंजे शब्द.”

तिने पदरात बांधून आणलेल्या भुईमुगाच्या शेंगा सोलून खाल्ल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिल्या. मॅडमनाही दिल्या.

ऊन कलत कलत डोंगराच्या खांद्यावर आलं. थांबा रिकामा झाला. जे बसायचे होते ते सगळे बसून झाले होते. वरचे वर आले होते, आणि घरी जाऊन चुली पेटवत होते. शेवटच्या फेरीला दहाची परवानगी होती, आणि दहा माणसं उरलीच नव्हती.

“आता ही शेवटची,” मंगल म्हणाली.

बाळाबाई उठली. वहाणा काढून तिने हातात घेतल्या. “राहू दे की पायात,” मंगल म्हणाली. “न्हाय,” बाळाबाई म्हणाली, “पयल्यांदाच कुणाच्या तरी घरात जातोय.” पाय ठेवण्याआधी ती क्षणभर थांबली. सासऱ्याला काय सांगायचं ते बहुतेक मनात सांगून झालं असावं. मग ती चढली आणि खिडकीशी बसली.

सिद्राम पुढे ब्रेकच्या चाकाशी. मंजुश्री त्याच्या शेजारी. मंगल सवयीने दारात उभी राहिली.

“तू का उबी हाईस?”

“मी उबीच असतो, आक्का.”

“बस गं. दहा माणसं बसायची हाईत म्हणाल्यात न्हवं मॅडम? नऊ कमी पडाय लागल्यात.”

मंगल बसली. बाकाच्या पट्ट्या पाठीला कशा लागतात हे तिला माहीतच नव्हतं. खिडकीतून दरी वेगळीच दिसत होती; उभं राहिलं की पलीकडचा डोंगर दिसतो, बसलं की खालची झाडं.

“बरं हाय की,” थोड्या वेळाने बाळाबाई म्हणाली. “लई हालत न्हाय.” मग म्हणाली, “शेजारच्या नागुबाईला खळ्यात बसवून आलोय. दिवा बघाय.”

मंजुश्रीने मागे वळून पाहिलं. “कसला दिवा?”

“आमच्या खांबावरचा. गाडी खाली निगाली की त्यो मोठा हुतो. मंदी जास्त असली की जास्त मोठा. वाटलं, माज्या वजनानं किती हुतोय ते बगावं.”

मंजुश्री उठून तिच्याजवळ आली. “बरोबर आहे, आज्जी. उतरताना मोटर वीज ओढत नाही, उलट तारेत वीज परत देते. जेवढं ओझं, तेवढी जास्त वीज.”

“ते मला ठावं न्हाय,” बाळाबाई म्हणाली. “पर कोण बाजाराला गेलं, कोण न्हाय, ते मला घरात बसून कळायचं.” ती खिडकीबाहेर बघू लागली. “रोज सांजच्याला बगायचो.”

वळणावर मंगल जिला बस म्हणून विनवत होती, ती रोज घरी बसून तिच्या गाडीची वाट बघत होती.

खालच्या थांब्यावर मष्णूने दुकानापुढे पाणी शिंपडून रांगोळी काढली होती. कुणी भाषण केलं नाही. सिद्रामने चाक शेवटपर्यंत आवळलं. मंगलने दोरी ओढून दांडी तारेवरून सोडवली, खाली घेतली आणि हुकाला बांधली. मंजुश्रीने वीजघराला फोन लावला आणि एवढंच म्हणाली, “आयितु.” झालं.

तेवढ्यात बाळाबाईच्या कमरेच्या पिशवीत मोबाईल वाजला. पलीकडून नागुबाईचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. “झालता गं मोठा. लई न्हाय, इल्लुसाच. तू वाळकी ती वाळकी. आता विजला बग.”

बाळाबाई समाधानाने हसली आणि फोन पिशवीत टाकला. वहाणा पायात चढवल्या.

तेव्हा कुठे मंगलच्या ध्यानात आलं. “आक्का, आता तू वर कशी जाणार?”

“रोज जातो तशी.”

मंजुश्री म्हणाली, “रस्त्याने माझी जीप आहे. लांबून पडेल, पण सोडते.”

“नगं बाई. एका दिवसात दोन-दोन गाड्या नगंत.” ती पायवाटेला लागलीसुद्धा.

मंगलने तिकिटांची चामडी पिशवी खांद्यावरून काढून सिद्रामच्या हातात दिली. तिचं घर इथेच, थांब्यामागे होतं. मुलगा सामान बांधायला उद्या येणार होता. तिने पदर खोचला आणि बाळाबाईच्या मागून निघाली. रूळ पायाखालच्या वाटेला चिकटून वर जात होते. हा घाट ती आयुष्यभर चढली होती, पण या पायांनी कधीच नाही. पहिल्याच चढाला तिला धाप लागली. दुसऱ्या वळणावर ती रुळावर टेकली.

वर, करवंदीच्या जाळीपाशी, बाळाबाई कमरेवर हात ठेवून थांबली होती. उजेड अजून होता. तिने वळून खाली पाहिलं, गळा साफ केला, आणि दारात उभ्या राहणाऱ्या बाईसारखा हात वर करून आरोळी दिली.

“हत्तू मंदी, हत्तू.”

मंगल गुडघ्यावर हात टेकून उठली आणि चढायला लागली.