दवाखान्यावरची खोली

घाटघरच्या माणसाला जुन्नर ठाऊक असतं ते रविवारचं. रविवारी बाजार, म्हणून रविवारी एसटी गच्च. मीठ-मिरची, चप्पल, दोरखंड, काय घ्यायचं ते त्या एका दिवसात घ्यायचं आणि शेवटच्या गाडीनं डोंगरात परत. सोमवारी जुन्नर कसं दिसतं असं विचारलंत तर निम्मा गाव डोकं खाजवील. रामदास त्यातलाच. तो तीन रविवार त्या इमारतीसमोर उभा राहिला, तिन्ही रविवार खालचं शटर बंद होतं, आणि तिन्ही वेळा पप्पू एजंटानं त्याला एकच उत्तर दिलं.

"आज रविवार हाय ना, पावणं! डॉक्टरला बायकापोरं हायेत का न्हाईत?"

रामदासला ते पटलं. न पटायला काय झालं? शटरच्या वर चांगला हातभर उंचीचा पत्र्याचा बोर्ड होता, पांढऱ्यावर लाल अक्षरांचा. चौथीपर्यंतच्या शाळेच्या जोरावर त्यानं तो अक्षर अक्षर लावून वाचला. वर डॉक्टरांचं नाव, मग पदवी, आणि सगळ्यात खाली 'प्रसूतीची सोय, चोवीस तास'. बरोबर त्याच्या डोक्यावरची खोली भाड्यानं होती. बोर्डापायी भाडं जास्त, हे पप्पूनं लपवलं नाही. उलट तेच तो विकत होता. "खाली डॉक्टर, वर तुमी. बाईला कळ आली की बारा पायऱ्या उतरायच्या, बास!"

रामदासनं उन्हाळाभर रान तुडवून गोळा केलेला हिरडा विकला, ते पैसे डिपॉझिट म्हणून मोजले आणि स्टॅम्पपेपरवर सही ठोकली. अकरा महिन्यांचा करार. मधेच खोली सोडली तर डिपॉझिट गेलं, हे कलम पप्पूनं मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हणजे माणूस सरळ आहे, असं रामदास घरी येऊन म्हणाला. भोळेपणाला औषध नाही म्हणतात ते उगीच नाही.

ही सगळी धावपळ त्याच्या बायकोसाठी, प्रतिभासाठी. तिला सातवा लागला होता. दोन वर्षांपूर्वी श्रावणात तिला कळा आल्या तेव्हा ओढ्याला पाणी होतं, एसटी दोन दिवस वर आली नव्हती. चार माणसांनी तिला घोंगडीच्या झोळीत घालून डांबरी रस्त्याकडे न्यायला काढलं. वाटेत एका झाडाखाली मुलगी झाली. ती रडली नाही. झोळी तिथूनच माघारी फिरली.

त्या दिवसापासून प्रतिभाच्या आत काहीतरी बंद पडलं ते पडलंच. ती भाकरी थापायची, पाणी भरायची, कुणी हसलं तर तोंडही हसरं करायची. पण बोटाला चटका बसला तर आधी बोटाकडे बघायची आणि मग हात काढायची. आता पोटात दुसरं होतं. ते हलायचं, तिला कळायचंही, पण शेजारच्या घरात कुणी भांडं सरकवावं तसं. बायका विचारायच्या, "कितवा गं? कधी व्हनार?" उत्तर तिची सासू सोनीबाई द्यायची. प्रतिभा तिथंच उभी असायची, आणि दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय असं ऐकायची. दुःखही होत नव्हतं. झालं असतं तर बरं, असं कधीकधी तिला वाटे, आणि तेही वाटणं फार वेळ टिकत नसे.

ज्येष्ठात एका रविवारी जीपमधून तांदूळ, नाचणीचं गाठोडं, स्टोव्ह आणि दोन गोधड्या घेऊन ती सासूबरोबर खोलीत आली. रामदास संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. भाताची रोपं टाकायची होती, ती काय आपोआप थोडीच उगवणार. जाताना त्यानं बंद शटरसमोर उभं राहून, देवळासमोर करतात तसा, पटकन नमस्कार केला. प्रतिभानं वरून ते पाहिलं.

सोमवारी शटर बंद होतं. मंगळवारीही. बुधवारी सकाळी खडखडाट झाला म्हणून ती कठड्याशी आली. शटर अर्धं वर गेलं होतं आणि आतून दोघे हमाल खताच्या गोण्या टेम्पोत चढवत होते. पाठीमागं गोण्यांची थप्पी छतापर्यंत गेलेली. गोण्या भरून झाल्या, शटर खाली आलं, कुलूप लागलं.

शेजारी पिठाची गिरणी होती. नाचणी वेगळी दळून देणारी गावात तेवढी एकच, म्हणून लांबलांबच्या बायका तिथं यायच्या. डबा घेऊन उभ्या असलेल्या एका बाईला प्रतिभानं विचारलं. ती लंकाबाई, सरकारी दवाखान्यात आया.

"डॉक्टर?" लंकाबाई म्हणाली. "अगं, ते तर दोन वर्सं झाली, चाकणला गेलं. तिकडं लई मोठा दवाखाना टाकला म्हनत्यात. इथं नुसता बोर्ड हाय." मग तिची नजर खाली प्रतिभाच्या पोटावर गेली आणि आवाज बदलला. "तुमी ह्याच्यासाठी खोली घेतली व्हय गं? आमचा दवाखाना तर पार गावाच्या दुसऱ्या टोकाला. पावसात रात्री-बेरात्री रिक्षा तरी घावंल का हितं?"

प्रतिभा पीठ घेऊन वर आली. सासूला काही बोलली नाही. गुरुवारी बोलली नाही, शुक्रवारी, शनिवारीही नाही. कुणी म्हणेल, भ्यायली असेल. भ्यायली असती तर रडली असती, निरोप धाडला असता. तिला काहीच झालं नाही. पहिल्या वेळी रस्त्यानं दगा दिला, या वेळी बोर्डानं, एवढंच तिच्या मनात आलं, आणि ती तांदूळ निवडायला बसली.

रविवारी रामदास आला. पिशवीत करवंदं, अंगाला चिखलाचा वास. पायरीवर पाय ठेवण्याआधी त्यानं शटरकडे पाहिलं आणि वर येऊन समाधानानं म्हणाला, "आज बंदच असनार. रविवार हाय."

"सोमवारी पन बंद असतं," प्रतिभा म्हणाली. "मंगळवारी पन. आत खत हाय. डॉक्टर दोन वर्सं झाली, गेलं चाकणला."

तिनं हे ताट वाढता वाढता सांगितलं. रामदासच्या हातातली पिशवी तशीच राहिली. सोनीबाईनं सुनेकडे पाहिलं, मग लेकाकडे, आणि भिंतीला टेकून खालीच बसली. रामदास तीन रविवार मोजत असावा. मोजून झाल्यावर तो एवढंच म्हणाला, "मी एक दिस बाजार सोडून आलो असतो तर!" आणि त्यानं कपाळावर हात मारून घेतला. प्रतिभाला त्याची कीव यायला हवी होती. तिनं वाटीत आमटी वाढली.

पप्पूचं दुकान म्हणजे एसटीडी बूथमधलं एक टेबल. त्यानं रामदासला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि मग हात झटकले. "पावणं, आठवा बरं. मी बोर्ड दावला. डॉक्टर दावला का? तुमी वाचलं, तुमी सही केली. आता करार म्हंजे करार. सोडायची तर सोडा, डिपॉझिट इसरा. न्हाईतर मालकाला इचारा, डिंगोऱ्यात. पन तो मानूस लई कडक हाय, सांगून ठेवतो."

बोलणारा बोलून गेला. चहाचे पैसे रामदासनंच दिले.

दुसऱ्या दिवशी तो डिंगोऱ्याला निघाला तर प्रतिभा चपला घालून जिन्यात उभी. "तू कशाला? धक्के बसतील गाडीत," तो म्हणाला. ती त्याच्या पुढं खाली उतरली. का निघाली, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

मालक हौशीराम अंगणात टोमॅटोचे क्रेट धुवत होता. बागायतदार माणूस, जुन्नरात इमारत बांधलेली, पण गुडघ्यापर्यंत चिखल. कडक वगैरे काही नव्हता. खाट टाकली, बायकोला, शीलाला, पाणी आणायला सांगितलं आणि सगळं ऐकून घेतलं. ऐकताना मात्र त्याचं तोंड हळूहळू परकं होत गेलं.

"भाऊ, मला तर पप्पू म्हनला, बाजाराला सोयीची खोली पायजे त्यांना. दवाखान्याचं आमाला काय म्हाईत? बोर्ड काढायचा ऱ्हाऊन गेला, एवढंच. आता तुमी सोडली तर मी अकरा मयनं काय करू? दुसरा भाडेकरू आना, मग बघू."

"ऱ्हाऊन न्हाई गेला," मागून शीला म्हणाली. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. "पप्पू म्हनला, बोर्ड ऱ्हाऊ द्या, बोर्ड असला की डोंगरातली मानसं खोली लवकर घेत्यात. माझ्यासमूर म्हनला. तुमी हसला व्हता."

हौशीराम क्रेटकडे बघत राहिला. रामदास करारातलं कलम आठवत असावा, त्याचे ओठ हलत होते. आणि मग प्रतिभा बोलायला लागली. आवाज चढला नाही, उतरला नाही. बाजारातून काय काय आणलं ते सांगावं तसं ती सांगत गेली.

"माजी पयली मुलगी वाटंत झाली. पाऊस व्हता. चौघांनी झोळी धरलेली, त्यांतला एक ह्यो. बाकीच्यांनी तोंडं फिरवली, ह्यानं न्हाई फिरवली. ती रडली न्हाई. मी म्हनलं, तिला जरा हालवा, तर सासूबाई म्हनल्या, आता काय हालवायचं. मी तिचं तोंड बघितलं न्हाई. पदरात गुंडाळून दिली." ती थांबली. तिनं शीलाच्या हातातून तांब्या घेतला, पाणी प्यायली आणि तांब्या नीट खाली ठेवला. "आमी खोली घेतली न्हाई, शेठ. आमी बोर्ड घेतला. खोली तुमची तुमाला ठेवा. डिपॉझिट पन ठेवा. पन त्यो बोर्ड काढा."

दोन वर्षांत हे तिनं कुणाजवळ काढलं नव्हतं, नवऱ्याजवळसुद्धा नाही. बोलून हलकं वाटतं म्हणतात. तिला हलकं वाटलं नाही, जडही नाही. तिनं पदर सावरला आणि गाडी किती वाजता आहे ते विचारलं. रामदास मात्र अंगणाच्या कडेला जाऊन पाठमोरा उभा राहिला.

हौशीरामनं मान वर केली नाही. जरा वेळानं घरात जाऊन तो स्टॅम्पपेपर घेऊन आला आणि रामदासच्या देखत त्याचे चार तुकडे केले. "पैसं पन घेऊन जा," तो म्हणाला. "आनि रविवारी बाजाराला येतो, तवा काढतो बोर्ड. माज्या हातानं काढतो." शीलानं प्रतिभाच्या ओटीत नारळ घातला. तिचे डोळे भरले होते. प्रतिभाचे कोरडे होते.

लंकाबाईच्या घरामागं पत्र्याची एक खोली होती, सरकारी दवाखान्याच्या भिंतीला लागून; ती तिनं त्यांना राहायला दिली. एका कोपऱ्यात गळायचं, खाली पातेलं ठेवावं लागायचं, पण रात्री दवाखान्यातला दिवा खिडकीतून आत यायचा. त्या आठवड्यात सामान बांधून झालं. आषाढ लागला होता. रविवारी रामदास आला, गोधड्या डोक्यावर घेऊन एक खेप टाकून आला, आणि दुसऱ्या खेपेला तिघं खाली उतरली तेव्हा हौशीराम शिडीवर चढून बोर्डाचे खिळे उपटत होता. एक बाजू सुटून बोर्ड तिरपा लोंबत होता.

तेवढ्यात कोपऱ्यावरून पप्पू वळला. त्याच्या मागं एक जोडपं, डोक्यावर गाठोडी, पायांत चिखल. डोंगरातल्या हातवीजकडची माणसं, दिसताच ओळखू यावीत. बाई पोटुशी होती आणि भिंतीला हात लावत लावत चालत होती. आठ दिवसांत गड्यानं नवं गिऱ्हाईक गाठलं होतं. मागं वळून तो त्यांना सांगतही होता, "शटर बंद असनार, आज रविवार हाय ना पावणं," आणि मग त्याला शिडी दिसली.

हौशीरामनं शिडीवरूनच त्याच्याकडे पाहिलं. पप्पूला एकदम कुठलं तरी काम आठवलं आणि तो आल्या वाटेनं बाजाराच्या गर्दीत शिरला.

हातवीजचा माणूस बोर्डाकडे बघत उभा राहिला. "मालक, दवाखाना हालवताय काय?" त्यानं विचारलं. "आमी तर ह्यो बोर्ड हाय म्हनूनच..."

त्याची बाई गाठोडं खाली ठेवून जिन्याच्या पायरीवर बसली. तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. ते तोंड प्रतिभानं ओळखलं. तिच्या छातीत काहीतरी तडकलं, कानशिलं तापली, आणि इतक्या दिवसांनी तिला राग आला. पप्पूचा, हौशीरामचा, त्या ओढ्याचा, तोंड न बघता पदर गुंडाळणाऱ्या आपल्या हातांचा. डोळ्यांतून पाणी कधी आलं ते तिला कळलं नाही. ते पुसायलाही ती थांबली नाही.

"ऊठ," तिनं त्या बाईचा हात धरला. "इथं काय न्हाई. खत हाय. खरा दवाखाना मी दावते, चल. आमच्याजवळ लंकाबाई हाय, ती आया हाय तिथं. चल, हळू."

दोघी बाजाराच्या कडेकडेनं चालायला लागल्या. मागं दोन्ही पुरुष सामान वाटून घेत होते आणि बोर्ड रस्त्यावर आदळल्याचा आवाज आला. हातवीजची बाई दम खायला थांबली. तिनं प्रतिभाच्या पोटाकडे पाहिलं.

"तुमाला कितवा, ताई?"

मागून नाचणीचं गाठोडं घेऊन येणाऱ्या सोनीबाईनं सवयीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"आठवा," प्रतिभा म्हणाली. तिनं पोटावर हात ठेवला आणि तसाच ठेवून चालत राहिली. "श्रावणात व्हईल माजं."

सोनीबाईनं तोंड मिटलं आणि पदराचा बोळा डोळ्यांना लावला.