हद्दीपलीकडचं रान

२००६ सालच्या जानेवारीत ईशानी कन्नौदकडच्या एका गावात पोचली. देवासच्या एका कारखान्यानं बॉयलरमध्ये कोळशाऐवजी कपाशीची पऱ्हाटी, वेचणीनंतरच्या वाळक्या काड्या, जाळायला घेतली होती. त्यानं हवेत जाणारा कार्बन किती वाचला, हे तिला मोजायचं होतं. त्याआधी मोजणीची हद्द आखायची, म्हणजे कुठपर्यंतचं हिशेबात धरायचं ते ठरवायचं. "कारखान्याच्या कुंपणापाशी रेषा ओढा आणि मोकळ्या व्हा," मॅनेजर भैयासाहेब म्हणाले होते. पण ही पऱ्हाटी आधी कुठं जायची, हे बघितल्याशिवाय तिला रेषा ओढवेना.

सोबत बॉयलरवरचे शरदकाका होते. गावातल्या फत्तेसिंगनं सरळ सांगितलं, "पहले येई चूल्हे में जलती थी. अब फैक्टरी जाती है, तो औरतें जंगल जाती हैं."

त्याची बायको नर्मदा दिवाळीनंतर लाकडं आणायला गेली, ती परतलीच नव्हती. मूलबाळ नाही, तो एकटाच राहत होता.

तो त्यांना रानात घेऊन गेला. भर दुपार होती, तरी एक पाखरू बोलत नव्हतं. तेवढ्यात ठक, ठक, कुऱ्हाडीचा आवाज आला. ते तिकडे वळले. ताजा बुंधा, अजून ओला. माणूस नाही. मग आवाज पुढून आला.

"ताई, परत फिरू," शरदकाका हळूच म्हणाले.

पुढच्या बुंध्याशी लाकडांची मोळी होती, हिरव्या लुगड्याच्या चिंधीनं बांधलेली. फत्तेसिंगनं गाठ चाचपून पाहिली. "गाँठ उसी की है." मग तो ओरडला, "नर्मदा! घर चल!"

आवाज थांबला.

देवासला परतल्यावर ईशानीनं ते रान हिशेबात धरलं. भैयासाहेब चिडले, "त्या झाडांशी आपला काय संबंध?"

"आपण पऱ्हाटी उचलली म्हणून ती तुटतात. तेवढं वजा होणारच."

आकडा फारच घसरला. शेवटी कारखान्यानं त्या गावची पऱ्हाटी घेणं सोडलं, आणि जिथं ती शेतातच पेटवून देत, तिथून आणायला सुरुवात केली.

होळीच्या सुमारास ईशानी पुन्हा गेली. दारोदारी पऱ्हाटी रचलेली होती. फत्तेसिंगनं ओसरीवर खाट टाकली. आत कुणीतरी काड्या मोडून चुलीत सारत होतं. बांगड्या वाजत होत्या.

"घरी कोण आलंय?" तिनं विचारलं.

"कोई नी, बेन," तो म्हणाला. त्याचा चेहरा शांत होता.

थोड्या वेळानं तो आत गेला आणि वाफाळता चहा घेऊन आला. ईशानीनं दाराकडे पाठ करून तो प्यायला.